जुळ्यांच्या गाडीतला धडा

वाशीमच्या स्टेशनावर बाबांनी माझी ट्रंक उचलली, हातातल्या हातात एकदा खाली-वर केली आणि म्हणाले, "एकोणीस शेर. पुस्तकंच भरली काय वं? लुगडी घेतली का नाई?"

लुगडी दोन होती. एक अंगावर, एक ट्रंकेत. बाकी खरंच पुस्तकं होती आणि लेकरांची टोपडी-लंगोटी. बाबांनी ट्रंक डब्यात चढवली. मग माझ्या कडेवरची सुमी घेतली, ती दोन वर्षांची. दुसऱ्या हातावर बाळूला घेतलं, त्याला अजून तीन महिनेही पुरे व्हायचे होते. दोन हातांवर दोन नातवंडं घेऊन ते क्षणभर तसेच उभे राहिले. ट्रंकेचं वजन सांगणारा माणूस लेकरांचं वजन सांगणार नव्हता. जित्या माणसाला तोलू नये, लेकराला तर नाहीच, दृष्ट लागते, असं आमच्याकडे मानत आणि बाबा ते मनापासून पाळत. पण त्यांचे हात शिकलेले होते. सांगितलं नाही तरी त्यांना कळलं होतं.

गाडी हलली तेव्हा ते खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि ओरडले, "रोज धडा करत जाजो!"

डब्यातल्या एका बाईने कौतुकाने मान हलवली. तिला वाटलं, बाप अभ्यासाची आठवण करून देतो आहे. तेही खोटं नव्हतं. पण त्या शब्दामागे आमच्या घरातली एक जुनी गोष्ट होती.

माझे बाबा रिसोडच्या बाजारात मापाडी होते. ज्वारी, तूर, सरकी, जे येईल ते तोलायचं. तीन बांबूंच्या तिपाईला टांगलेला मोठा तराजू, त्याच्या दोन पारड्यांपुढे दिवसभर उभं राहायचं आणि मोजणी मोठ्यानं म्हणायची. पहिल्या तोलाला ते 'एक' म्हणत नसत. कोणताच मापाडी म्हणत नसे. "लाभ रे लाभ" म्हणायचं आणि मग "दोन रे दोन". लहानपणी मला वाटायचं, एक नावाचा आकडा फक्त शाळेत असतो.

दिवसभर धान्याच्या ढिगात उभा राहणारा हा माणूस संध्याकाळी बाजार सोडताना धोतराच्या निऱ्या झटकायचा, कानामागे अडकलेला दाणासुद्धा काढून ढिगावर टाकायचा. माय दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदायला नाही तर कापूस वेचायला. घरी आली की कण्या शिजवायची आणि म्हणायची, "दुनियेची ज्वारी तोलता अन् घरी कण्या. निदान निऱ्या तरी घरी येऊन झटकत जा, कोंबड्याईचं भलं होईन." बाबा हसायचे. घर एका खोलीचं. पावसाळ्यात आम्ही भावंडं कोरडी जागा बघून झोपायचो आणि ती दर पावसात बदलायची. उपाशी राहिलो असं म्हणणार नाही, पण पोट भरलं असंही फार वेळा म्हणता आलं नाही.

बाबांची एक शिस्त होती. माल टाकण्याआधी रिकामा तराजू धरायचा, काटा बघायचा. एक पारडं जरा झुकलेलं असेच. मग खालून एखादा दगड उचलून हलक्या पारड्यात टाकायचा, काटा मधोमध येईपर्यंत. त्या दगडाला धडा म्हणत. "आधी धडा, मंग माल," बाबा म्हणायचे, "रिकामा तराजू खोटा, तं भरला कसा खरा होईन?"

मला शाळेत घातलं त्या पहिल्या आठवड्यात मास्तर म्हणाले, "उद्या सगळ्यांनी धडा करून यायचं." मी घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांना फार आनंद झाला. शाळेतही हे काम शिकवतात म्हटल्यावर त्यांनी बाजारातून एक छान गुळगुळीत दगड निवडून आणला आणि माझ्या ओच्यात बांधून दिला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "धडा केला का?" मी उठले आणि टेबलावर दगड ठेवला.

वर्ग किती वेळ हसला ते विचारू नका. मास्तरांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी रडत घरी आले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "मंग तुह्या मास्तराचा धडा कोनता हाय? दाखव." मी पुस्तक उघडून दाखवलं. त्यांनी पानावरून अंगठा फिरवला, जसा धान्यावरून फिरवायचे. "बारीक हाय," म्हणाले, "पन दिवसाले येक करत जा." तेव्हापासून रोज संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न: "धडा केला काय?"

असे करत करत मी मॅट्रिक झाले. माय त्याच वर्षी गेली, निकाल लागायच्या आधी. मग लग्न झालं. सासर केनवडचं, थोडी शेती असलेलं. नवरा वाशीमला शाळेत मास्तर. हे स्वतः मॅट्रिकवर थांबले होते, पण मला म्हणाले, तू थांबू नकोस. स्कॉलरशिप मिळाली, नागपूरला राहून इंटर झाले, सुमी झाली, एक वर्ष मोडलं, सुमीला सासूबाईंकडे ठेवून तिसरं वर्ष कसंबसं पार पडलं आणि बी. ए.चं शेवटचं वर्ष समोर असताना बाळू झाला.

सासूबाईंनी ओसरीवर बसून निकाल दिला. "शीक बाई, मी नाई म्हनत नाई. पन माह्ये गुडघे गेले, दोन लेकरं माह्याच्यानं होत नाईत. लेकरं घेऊन शीक. हे येक साल. पास झाली तं तू अन् तुह्यं नशीब. नाई झाली, तं मुकाट्यानं केनवडले येजो, मंग पुस्तकाचं नाव काढजो नोको." त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आज तर मुळीच वाटत नाही. त्यांचे गुडघे खरंच गेले होते. पण एक साल म्हणजे एकच साल, हे मला माहीत होतं. केनवडच्या चुलीपुढून परत उठून कॉलेजात जाणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

नागपूरला धंतोलीत एस्तेरबाई म्हणून एक रिटायर नर्स राहायच्या. त्यांच्या घरामागची खोली मला मिळाली. पहिल्या आठवड्यात मी बाळूला पोटाशी बांधलं, सुमीला हाताला धरलं आणि कॉलेजला निघाले. अर्ध्या वाटेवर सुमी रस्त्यात बसली. उचललं तर बाळू घुसमटून रडायला लागला. पोचले तेव्हा पहिलं लेक्चर संपलं होतं. माझी चोळी दुधाने भिजलेली होती आणि मास्तरीण व्हायला निघालेली मी दाराबाहेर उभी राहून रडत होते. शेजारच्या एका म्हातारीकडे लेकरं ठेवून पाहिली. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही आणून दिली. म्हणाली, "एक सांभाळीन बाई. दोन मिळून चार होतात."

हे सगळं बघून एस्तेरबाईंनी मागच्या पडवीतून एक गाडी बाहेर काढली. बाबागाडी मी लांबून पाहिली होती, पण ही दोन लेकरांची होती. वेताची, शेजारी शेजारी दोन बैठका, मध्ये वेताचीच वीतभर उंचीची भिंत, खाली कमानी, चार रबरी चाकं आणि मागे ढकलायला एकच लांब दांडा. एस्तेरबाईंनी पूर्वी एका साहेबाची जुळी मुलं सांभाळली होती. साहेब विलायतेला गेला आणि गाडी यांच्या पडवीत राहिली. "जुळ्यांची आहे," त्या म्हणाल्या, "पण तुझी काय कमी आहेत? ने."

मी खूष झाले. गाडी धुतली, गोधडी अंथरली. सकाळी आधी सुमीला बसवलं, कारण ती मोठी, तिला समजतं, आणि बाळूला आणायला वळले. मागे धाडकन आवाज. सगळं वजन एका अंगाला, कमानी जुन्या. गाडी आडवी झाली होती आणि सुमी खाली. हनुवटी फुटली. तो व्रण तिला अजून आहे. आणि ती अजून मला ऐकवते.

मग मी उलट केलं. आधी बाळू, मग सुमी. तर सुमी चढताना त्याच्या पायावर पाय द्यायची. बसली की तिची बाजू खाली जायची आणि गोधडीत गुंडाळलेला बाळू हळूहळू घसरत त्या भिंतीवर जाऊन टेकायचा, मग मान कलंडायची. गाडी ढकलावी तर ती सरळ चालेना, सुमीच्या बाजूला ओढायची. मी दांडा धरून सगळा रस्ता डावीकडे जोर लावत चालायची. गाडी दाराशी लावून वर्गात बसले की उजवा हात लिहायला उठत नसे, आणि लेकरू रडलं की लेक्चर सोडून बाहेर. जुळ्यांना केलेली ती गाडी. तिला माहीत होतं की दोघं सारखी असतात. माझी सारखी नव्हती.

सप्टेंबरात नोटीस लागली. हजेरी कमी असलेल्यांत माझं नाव पहिलं होतं. आणखी लेक्चरं बुडाली तर परीक्षेचा फॉर्म जाणार नाही, असं प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावून सांगितलं. रागावून नाही, थकून सांगितलं. त्या दिवशी मी रिसोडला थोरल्या भावाला, दादाला, पत्र लिहिलं. मदत मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं, बाजाराचा हंगाम तोंडावर आला होता. सगळं बरं आहे असं लिहिलं आणि शेवटी एक ओळ: गाडी तेवढी एका बाजूला झुकते.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी बाबा दारात उभे. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातात एक जड पिशवी. मी म्हटलं, "बाबा, तू? अन् हंगाम?"

"दादा हाय काट्यावर. तुह्यं पत्र वाचलं त्यानं. गाडी झुकते म्हनते, म्हनलं धडा पायजे."

त्यांनी पिशवी उलटी केली. सहा दगड. मोठ्यापासून लहानापर्यंत, बाजारातले, गुळगुळीत.

एस्तेरबाई दारात येऊन बघत होत्या. "काय हो बाबा, नागपुरात दगड मिळत नाहीत?"

"मियतात बाई," बाबा म्हणाले, "पन वळखीचे नाईत."

त्या संध्याकाळी बाबांनी गाडी अंगणात घेतली. तासभर नुसते तिच्याभोवती फिरले. कमानी दाबून पाहिल्या, दांडा उचलून पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बाजूला सारलं. आधी बाळूच्या बैठकीत, गोधडीखाली, सगळ्यात मोठा दगड. मग दुसऱ्या बाजूला सुमी. ती बसताना एक हात गाडीच्या कडेवर, दुसरा तिच्या काखेत. मग बाळू. बाळू बसेपर्यंत कडेवरचा हात काढायचा नाही. दोन्ही अंगांना गोधडीच्या सुरळ्या, म्हणजे मान कलंडणार नाही. मग चार पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघायचे, काटा बघतात तसे. "आता जाईन सुदी," म्हणाले. आणि ती जुनी वेताची गाडी खरंच सरळ चालायला लागली. मी आयुष्यात पुष्कळ काही शिकले, पण दोन लेकरं एका गाडीत कशी बसवायची ते पुस्तकात नव्हतं. ते रिसोडच्या बाजारात होतं.

तेव्हापासून मार्चपर्यंत रोज तोच क्रम. पुढे मी पुस्तकं घेऊन, मागे बाबा गाडी ढकलत. कॉलेजच्या फाटकाबाहेर एक कडुनिंब होता. त्याखाली गाडी लागायची. दोन लेक्चरं झाली की मी पळत बाहेर यायची, बाळूला लेडीज रूममध्ये नेऊन पाजायची, परत आणून द्यायची, परत पळत आत. मुली म्हणायच्या, "गोदा, तुझा कोचवान आला गं." मला राग यायचा नाही. यायला ताकद लागते.

रस्त्यावरची पोरं मात्र बाबांना सोडत नसत. पागोटेवाला म्हातारा, साहेबी गाडी, त्यात दोन लेकरं आणि गोधडीतून डोकावणारा दगड. एक दिवस एका टोळक्याने विचारलं, "ओ बाबा, दगडाची सवारी कुठं निघाली?"

बाबा थांबलेसुद्धा नाहीत. "कॉलेजात निघाली बापू. दगड हाय तरी निघाला. तुमी नाई जाऊन राह्यले?"

सुमीने त्या दगडाला भाऊच मानलं होतं. त्याला कुंकू लावायची, आपल्या बोरातलं अर्धं त्याच्यापुढे ठेवायची. त्याचं नाव दगडूदादा. दिवाळीनंतर एका सकाळी ती ओरडली, "आई, दगडूदादा लहान झाला!" मी गोधडी उचलून पाहिलं. मोठ्या दगडाच्या जागी त्याच्याहून छोटा होता. बाबांनी काही सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते चाकाला तेल घालत होते. तेव्हा मला कळलं की बाळू भरला आहे. लेकराचं वजन तोंडाने सांगायचं नाही, म्हणून त्यांनी दगडाकरवी सांगितलं. नंतर आणखी एकदा दगड बदलला. मी अभ्यासाला बसले की मनात तेवढं एक बरं वाटायचं.

तिकडे रिसोडला, केनवडला, रिठदला राहिलेल्या माझ्या बायांनो, तुम्ही मला विचारता, नागपूरला मजा वाटली असेल. खरं सांगते, मला त्या वर्षाचं नागपूर फारसं आठवत नाही. मला आठवते ती पाठ. सतत दुखणारी. आणि झोप, जी कुठेही यायची, लेक्चरमध्ये, नळाच्या रांगेत, बाळूला पाजताना. आणि माझ्यासारख्या जिल्ह्याबाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला हे सांगायला नको.

जानेवारीत बाळूला ताप आला. खोकला छातीत गेला. एस्तेरबाई दिवसातून चारदा येत, शेकत, वाफ देत. डॉक्टर झाले. नऊ दिवस मी वर्गात गेले नाही. नवव्या दिवशी ताप उतरला आणि दहाव्या दिवशी बाबांनी गाडी बाहेर काढली. मी सुरळ्या लावायला वाकले आणि माझा हात थांबला. गोधडीखाली परत तो पहिला, मोठा दगड होता.

मी तिथेच अंगणात बसले. तीन महिन्यांत जेवढं भरलं होतं तेवढं सगळं नऊ दिवसांत गेलं होतं. मी म्हटलं, "बाबा, बस झालं. उद्या केनवडले जाऊ. माह्या बी. ए.साठी मी लेकरू नाई मारनार."

बाबांनी गाडीचा दांडा सोडला. मग माझ्यासमोर उकिडवे बसले. "पोरी, काटा हालून राह्यला असला, तवा कोनी तोल सांगत नाई. थांबू द्या लागते."

"अन् थांबला अन् उलटाच निंगाला तं?"

"तं उलटा सांगीन मी. खोटा तोल कधी सांगतला काय म्या?" मग त्यांनी गोधडी सारखी केली. "पन अजून थांबला नाई तो. माय वं, दोन धडे हायेत इथं. तू तुहा कर. हा माहा हाय, मी करतो."

मी गेले. जाताना फाटकापर्यंत मागे बघत गेले. लेक्चरला काय झालं ते आठवत नाही, पण हजेरीला "प्रेझेंट" म्हटलं ते आठवतं. नंतर कळलं, ते एक लेक्चर चुकलं असतं तर फॉर्म गेला नसता.

बाबांनी त्या दिवसापासून बाळूचा ताबाच घेतला. ज्वारीच्या पिठाची पातळ पेज, त्यात गूळ, चमच्याचमच्याने, निंबाखाली बसून. येणाऱ्याजाणाऱ्या मुली थांबून बघायच्या. तीन आठवडे मोठा दगड तिथेच होता. मी रोज सकाळी गोधडी उचलायची आणि परत ठेवायची. मग एका सकाळी सुमी टाळ्या वाजवायला लागली. दगडूदादा लहान झाला होता.

मार्चमध्ये पेपर सुरू झाले त्या दिवशी गाडीत पाचवा दगड होता. सहावा काही वापरावा लागला नाही, दोघांमध्ये तेवढा फरक राहिलाच. मी पेपर लिहून बाहेर यायची तेव्हा बाबा एकच विचारायचे, "धडा केला काय?" शेवटच्या दिवशी मी नुसती मान हलवली. त्यांनी मला गाडीचा दांडा धरू दिला, आधारासाठी, आणि स्वतः बाजूने चालले.

निकाल उन्हाळ्यात लागला. यांनी वाशीमला वर्तमानपत्रात नाव पाहिलं आणि आम्ही चौघं मिळेल त्या दमणीने रिसोडला आलो. बैल दमलेले, आम्हीही. बाजारात बाबा तिपाईपुढे उभे होते, तूर चालू होती. "एकवीस रे एकवीस." त्यांनी आम्हाला पाहिलं. मापाडी मोजणी मध्येच तोडत नाही, तोडली तर माल पुन्हा तोलावा लागतो. मी बाळूला कडेवर घेऊन उभी राहिले. "बावीस रे बावीस." माझ्या तोंडाकडे त्यांनी एकदा पाहिलं. मी मान हलवली. "तेवीस रे तेवीस." आवाज जरा फाटला, पण आकडा चुकला नाही. ढीग संपला. त्यांनी हात पुसले, निऱ्या झटकल्या, माझ्याजवळ आले.

दादा मागून म्हणाला, "बाबा, गोदी पास झाली. आपल्या घरात बी. ए. येक झाली."

"येक नाई म्हनू," बाबा म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं, तोलाच्या वेळचा तो लांब आवाज काढून म्हटलं, "लाभ रे लाभ!"

सासूबाईंनी ऐकलं तेव्हा म्हणाल्या, "मंग आता चुलीपुढं बसन काय हे गोदी?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "नाई बसन."

नाही बसले. आम्ही नागपूरलाच राहिलो, यांनीही बदली करून घेतली. मी मुलींच्या शाळेत शिकवते. संध्याकाळी वह्यांचा ढीग घेऊन घरी येते, पाय सुजलेले असतात, आणि वारा सुटला की पानं उडू नयेत म्हणून त्या ढिगावर सहावा दगड ठेवते, तो एकही दिवस गाडीत न बसलेला. गाडी एस्तेरबाईंनी पुढे दुसऱ्या एका बाईला दिली. ती कोण होती मला ठाऊक नाही. तिला दगड कोणी दिले असतील का, असा विचार मला कधी कधी येतो.

बाबा दोन वर्षांमागे गेले. रिसोडला आता दादा तोलतो. मी वर्षातून एकदा जाते आणि बाजाराच्या कोपऱ्यावर उभी राहते. मला लोक विचारतात, गाव सोडून वाईट वाटत नाही का? वाटतं. पण गाव म्हणजे मला ती खोली वाटत नाही, जिथे कोरडी जागा शोधत झोपायचो. ती गळकी खोली कुणालाही मिळू नये. माझं घर कुठे म्हणाल, तर माल टाकायच्या आधी कोणीतरी रिकामं पारडं धरून बघतं, झुकतंय का ते, तिथे. ते बघणारा माणूस आता नाही. म्हणून मीच बघते. माझ्या वर्गात पुष्कळशी पारडी झुकलेली येतात.

सुमी यंदा इंग्रजी तिसरीत आहे. परवा तिने विचारलं, "आई, आपल्या घरात पहिली बी. ए. तू, मग दुसरं कोण?" मी म्हटलं, धडा कर, कळेल.

मी गोदावरी. रिसोडच्या मापाड्याची लेक. दोन लेकरं एका गाडीत घालून मी बी. ए. पास झाले.